दादाचं पान कुणी घालवलं

आजही फोनवर काही नवीन घ्यायला गेलं आणि त्यानं ‘परवानगी द्या’ म्हणून विचारलं, की माझं बोट आपोआप मागं येतं. माझ्या पोरांना त्याचं हसू येतं. ‘आई, सगळे देतात गं, तू दाब बिनधास्त,’ म्हणतात. सगळे देतात म्हटल्यावर तर मला जास्तच शंका येते. प्रत्येक ओळ वाचायची, आधीच कुणी खूण करून ठेवली असेल तर ती काढायची, मग ठरवायचं. एवढं केल्याशिवाय मी कशालाच हो म्हणत नाही. साताऱ्यात दुकानात बिल करताना मुलगी फोन नंबर मागते तरी मी ‘कशाला?’ म्हणून विचारते आणि मागची रांग चुळबुळ करायला लागते. ही खोड कुठून लागली ते सांगायचं तर म्हसवडच्या घरातलं ते वर्ष सांगावं लागेल, ज्या वर्षी आमच्या घरात आधी वहिनी आली आणि तिच्या मागोमाग कॉम्प्युटर.

तसं आमचं घर मुळातलंच संशयी. दोन पिढ्या मेंढरांमागं रानोमाळ हिंडण्यात गेलेल्या. परक्या माणसाकडं, परक्या कुत्र्याकडं आणि नको तेवढ्या गोड बोलणाऱ्या व्यापाऱ्याकडं सारख्याच नजरेनं बघायचं, ही आमच्या आज्यापणज्याची रीत. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यात फौजेची भर घातली. ते हवालदार होऊन पेन्शनवर घरी आले तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून घरात कुणी आलं-गेलं, की त्याचा रिपोर्ट द्यावा लागायचा. शेजारणीनं विरजण मागितलं तरी अण्णा विचारायचे, ‘त्यांची म्हस आटली काय? काल तर दूध घालाय गेलती.’ आई त्यांच्या एक पाऊल पुढं. ती तोंडानं काही विचारायची नाही, नुसती बघत राहायची, आणि तिचं ते बघणं जास्त लागायचं.

घर गावाबाहेर, माळाच्या कडेला. पुढं अंगण, डाव्या हाताला मेंढरांचं वाडगं, मागं थोडी डाळिंबं. पहाटे सगळ्यांत आधी अण्णांच्या बादलीचा आवाज व्हायचा. कितीही थंडी असो, ते गार पाण्यानं आंघोळ करायचे, सिद्धनाथाचं नाव घ्यायचे आणि देव्हाऱ्यातल्या वाटीत बोटं बुडवून भंडारा, म्हणजे देवाची हळद, कपाळाला लावायचे. दुपार होईपर्यंत त्यांची दोन बोटं पिवळी असायची. मग कोकरं ओरडायला लागायची, आई चूल पेटवायची आणि बाजरीच्या भाकरीची थापथाप सुरू व्हायची. हिवाळ्यात हुलग्याचं माडगं असायचं. ते वाटीतून फुंकत प्यायचं आणि वर खर्डा चाटायचा, नाकातून पाणी येईपर्यंत. साताऱ्यात मी दोन-तीनदा करून बघितलं. पोरांनी वाट्या तशाच ठेवल्या, आणि खरं सांगायचं तर मलाही ती चव आली नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, अण्णांसारखाच फौजेत. लग्न झालं, हळद उतरते न उतरते तोवर त्याची बदली लडाखकडं झाली. जाण्याआधी तो साताऱ्याला गेला आणि जीपमधून कॉम्प्युटर घेऊन आला. मधल्या खोलीत अण्णांच्या फौजेतल्या काळ्या पेट्या एकावर एक ठेवून त्यावर तो मांडला आणि आईनं आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच्यावर पांघरला. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आलं. अण्णांना टाइप करायला जमणार नाही हे दादाला माहीत होतं, म्हणून त्यानं अशी सोय केली, की इंटरनेट उघडलं की पहिलं पान त्याच्या पत्रांचंच यावं. ‘अण्णा, हे माझं पान. तुमी काय करायचं न्हाई. उघडलं की मी हाय,’ असं सांगून तो गेला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली त्याची मराठी पत्रं अण्णा पडद्यावर बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचायचे आणि आई चुलीपासून ‘पुन्यांदा वाचा की’ म्हणायची. त्यात वहिनीसाठी वेगळं असं काही नसायचं. ‘बाकी सगळ्यांना सांगा’ या शेवटच्या ओळीत जेवढी मावेल तेवढी ती.

रविवारी दादाला मोकळीक मिळाली तर तो पडद्यावर दिसायचा. खुर्चीवर अण्णा, त्यांच्या खांद्यावरून वाकून आई, आईच्या कमरेजवळ मी. वहिनी पदर सावरत दाराच्या चौकटीत उभी. ‘जेवलास काय? बूट बरं हायत काय? सायब कसा हाय?’ असं अण्णांचं चालायचं आणि दादा उत्तरं देता देता आमच्या डोक्यांवरून दाराकडं बघायचा. आई कधी हुंदका द्यायला लागली की अण्णा खेकसायचे, ‘फौजी मानसाची आई हायस. रडायचं न्हाई.’ तेवढ्यात लाईट जायची. लाईट गेली की वहिनी न सांगता स्वयंपाकघरात जायची आणि भांड्यांचा आवाज जरा जोरात यायचा.

वहिनी सांगलीची. कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली, बोलायला मोकळी. आमच्या घरात येऊन तिनं बोलणं निम्मं केलं होतं. ती अण्णांना मामा म्हणायची, आईला आत्या, आणि आमच्या घरातल्या एकमेव यंत्राबद्दल आम्हां सगळ्यांपेक्षा जास्त जाणून होती. आईला ते आवडायचं की खुपायचं हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. खुपायचं.

एके दुपारी अण्णांनी चष्मा चढवला, इंटरनेट उघडलं आणि दादाचं पान आलंच नाही. त्या जागी कुठलं तरी रंगीबेरंगी पान. मधोमध काहीतरी शोधायचा चौकोन, कडेनं लुकलुकणाऱ्या जाहिराती आणि उजव्या हाताला ओळीनं तरण्या पोरापोरींचे फोटो, खाली लग्न जुळवून द्यायची भाषा. आईनं तोंड फिरवलं. अण्णा उठले आणि अंगणात जाऊन ओरडले, ‘समद्यांनी फॉलिन करा!’ आम्ही तिघी रांगेत उभ्या राहिलो. ‘माझ्या पोराचं पान कुनी घालवलं?’

पहिला संशय माझ्यावर, कारण मी कॉलेजात जायला लागले होते आणि मैत्रिणी घरी येत होत्या. मी रडून-भेकून हात झटकले. अण्णा रानात गेल्यावर वहिनी कॉम्प्युटरपुढं बसली. पडद्यावर, वरच्या बाजूला, एक पट्टी नव्यानं चिकटली होती, तिच्यावर ढगाचं आणि सूर्याचं बारकं चित्र. वहिनीनं कुठं कुठं जाऊन ती पट्टी काढली, पहिल्या पानाच्या जागी दादाचं पान पुन्हा बसवलं आणि लुगड्याचा तुकडा नीट पांघरून भाकरी करायला गेली. संध्याकाळी दादाची पत्रं जागेवर बघून अण्णांचा चेहरा उजळला. ‘कुनी केलं?’ ‘वैनीनं,’ मी म्हटलं. त्यांचा चेहरा तसाच राहिला, पण भुवया जवळ आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच परकं पान, पुन्हा तेच फोटो. वहिनीनं पुन्हा पट्टी काढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ‘आत्या, ही पट्टी कुठनं तरी परत येतीया,’ ती आईला म्हणाली. आईनं नुसतं बघितलं. रात्री जेवताना, वहिनी ताक आणायला आत गेल्यावर, आई हळूच म्हणाली, ‘तिला काढता येतं, म्हंजे घालताबी येतं. नवरा तिकडं बर्फात. आन् हिकडं तसल्या तसबिरी बघायच्या.’ अण्णांनी भाकरीचा घास हातातच धरला. मला तो हिशेब तेव्हा अगदी बरोबर वाटला. आमच्या घरात हुशारी हा आधी पुरावा असायचा, मग गुण.

मला पहाऱ्यावर नेमलं गेलं. ‘वैनीवर नजर ठेव. काय बगती, कवा बगती, मला सांगायचं,’ अण्णा म्हणाले. मी पुस्तक घेऊन मधल्या खोलीत ठाण मांडलं. कुठं तरी पाणी मुरतंय याची मला खात्रीच होती आणि ते आपण शोधून काढणार याचा आनंदही होता. वहिनी दुपारी येऊन बसायची, पट्टी काढायची, दादाचं एखादं जुनं पत्र उघडायची आणि त्याच्या शेवटच्या ओळीपाशी थांबायची. मग बंद करायची. रिपोर्ट द्यावा असं मला काहीच दिसलं नाही, तरी माझा संशय काही कमी झाला नाही. नजर चुकवून करत असेल, असं मी धरून चालले.

शेवटी आईनं विषय उघड केला. ‘तिच्या बाला बोलवा आन् चार म्हयनं सांगलीला ऱ्हाऊ द्या. पोरगा आला की बगंल काय ते.’ चार महिने माहेरी, तेही नवरा नसताना, म्हणजे गावात काय बोललं जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांनी मान हलवली नाही. ‘आसं न्हाई. आदी बेलभंडार उचलायचा,’ ते म्हणाले. आमच्याकडं ही शेवटची पायरी. देवापुढं ताटलीत बेलाचं पान आणि भंडारा ठेवायचा, तो उचलून शपथ घ्यायची, आणि एकदा उचलला की पुढं प्रश्न नाही. मेंढरू चोरल्याचे, बांध सरकवल्याचे तंटे त्यावर मिटलेले मी ऐकले होते. इंटरनेटचं पान कुणी बदललं याचा निकाल त्यावर लावणारे बहुधा आम्हीच पहिले.

वहिनी न बोलावता पुढं झाली. पान उचललं, भंडाऱ्यानं बोटं पिवळी झाली. ‘मी ते पान बदललं न्हाई आन् तसलं काय बघितलं न्हाई,’ म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, कान मात्र लाल झाले होते. मग मी, मग आई. अण्णांनी ताटली धरली होती. घरचा कर्ता आण देतो, घेत नाही, त्यामुळं त्यांनी उचलायचा प्रश्नच नव्हता. कुणाच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी आम्हां सगळ्यांसमोर इंटरनेट उघडलं, आणि ते फोटो जसेच्या तसे लुकलुकायला लागले. आई देव्हाऱ्याकडं धावली. ‘देवाची आन मोडली गं कुनी तरी!’ आता गोष्ट पानाची राहिली नव्हती. आमच्यातल्या एकीनं खोटा भंडारा उचलला होता, आणि ती कोण हे ठरलेलंच होतं. अण्णांनी वहिनीकडं न बघता सांगलीला फोन लावला. ‘परवा येऊन पोरीला घिऊन जावा,’ एवढंच म्हणाले. वहिनी आत गेली आणि पत्र्याच्या पेटीवरून तिनं आपली बॅग खाली काढली.

मी तिथंच बसून राहिले होते. कॉम्प्युटरवर कापड घालायला म्हणून उठले तर माऊसवर पिवळा डाग दिसला, ताजा. भंडारा. आम्ही उचलला तो आदल्या संध्याकाळी, आणि त्यानंतर हात धुऊन सगळ्या जेवायला बसलो होतो. पहाटे पिवळी बोटं फक्त अण्णांची असायची, आणि दुपारी तर त्यांनी जेवून, हात धुऊनच माऊस धरला होता. मी वहिनीला ओढत आणलं आणि डाग दाखवला. तिनं बघितलं. मग पदराच्या टोकानं माऊस पुसून टाकला. ‘गप ऱ्हा,’ म्हणाली. ‘आवं वैनी, पण हे...’ ‘मला पयल्या दिवशीच दिसलं हुतं. सासऱ्याकडं बोट दाखवू व्हय? माझं कोन ऐकनार हाय?’ आणि ती पुन्हा साड्यांच्या घड्या घालायला लागली. तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या पहाऱ्याची लाज वाटली, आणि अण्णांचा राग आला. कुणाचा राग यावा याची आमच्या घरात एक ठरलेली उतरंड होती, ती माझ्यापुरती त्या दुपारी मोडली.

दुसऱ्या पहाटे बादलीचा आवाज झाला तशी मी जागी होऊन पडून राहिले. देवाचं नाव झालं. मग मधल्या खोलीत कॉम्प्युटर घुरघुरला. मी दाराशी गेले. अण्णा ओल्या केसांनी, कपाळावर ताजा भंडारा लावून, नाक पडद्याला लावून बसले होते. दादाचं पान उघडलं होतं, आदल्या संध्याकाळी वहिनीनं बॅग भरता भरता येऊन बसवलेलं. अण्णांनी त्याला हात लावला नाही. हातातल्या चिठ्ठीवरचं एकेक अक्षर शोधून दाबत त्यांनी इंटरनेटवर दुसरीकडून काहीतरी आणलं, समोर येईल त्या चौकटीत ‘पुढं, पुढं, पुढं’ पुटपुटत टिचक्या मारल्या, आणि वरच्या बाजूला ती पट्टी आली. ढग, सूर्य आणि शेजारी एक आकडा, त्याच्या आधी उणेची खूण. अण्णा त्या आकड्याकडं बघत बसले. मग त्यांनी आपल्या अंगावरची शाल काढून घडी केली आणि मांडीवर ठेवली. त्यांना ती पांघरवेना.

‘अण्णा, ही पट्टी तुमी आनता?’

ते दचकले. मग चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे म्हणाले, ‘तुज्या दादाकडची थंडी बगतो. लोनंदच्या बाजारात एका दुकानात बगितली, तवा त्यानं दावलं कसं आनायचं. पर रोज जाती ती. लाईट गेल्यावर पुसून जात आसंल.’

मी घर डोक्यावर घेतलं. आई आली, वहिनी ओल्या हातानं आली. आईनं तो उणे आकडा काय आहे ते माझ्याकडून समजून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले. ‘मला टिप्पूस काडू देत न्हवता. आन् सोता हितं रोज पाळतीवर!’ अण्णांनी मान खाली घातली. त्यांना अजूनही पट्टीचा आणि पानाचा काय संबंध ते उमगलं नव्हतं. उमगणार कसं? परकं पान लगेच येत नव्हतं. इंटरनेट बंद करून पुन्हा उघडलं की येत होतं, आणि तोवर अण्णा रानात गेलेले असायचे.

‘मामा, आता पुन्यांदा आना. माझ्यासमोर,’ वहिनी म्हणाली. तिनं पट्टी काढून दिली आणि अण्णा पुन्हा सुरू झाले. पुढं, पुढं. तिसऱ्या चौकटीवर वहिनीनं त्यांच्या हाताआधी माऊसवर हात ठेवला. ‘हितं बघा. बारीक अक्षरात काय हाय? माझं पयलं पान बदला. आन् त्याच्याफुडं बरोबरची खूण.’

‘ती मी केली न्हाई.’

‘न्हाई. त्यांनी आदीच करून ठेवलीया. तुमी नुसतं पुढं म्हनलासा.’

अण्णांनी चष्मा सारखा करून त्या खुणेवर बोट ठेवलं. ‘इचारल्याबिगर?’ म्हणाले. मग म्हणाले, ‘म्हंजे मेंढरू इकत आनलं आन् लोकरीत गोचीड आली.’ त्यांना आता सगळं समजलं होतं. वहिनीनं एकेक करून दाखवलं: वरची पट्टी काढली तरी तिचा मूळ प्रोग्रॅम आत बसलेला असतो, तो वेगळा काढावा लागतो, आणि मग पहिलं पान पुन्हा बसवायचं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दादाचं पान आलं. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. दादाचंच पान.

ते बघून आम्ही तिघं सुटकेचा श्वास टाकत होतो आणि वहिनी रडायला लागली. ‘मामा, माझ्या नवऱ्याचं पान हाय ते. मी कशाला घालवीन? एकदा तरी इचारायचं हुतं, ही पट्टी कशाची गं म्हनून. इचारलं न्हाई कुनी. देवाफुडं उभी केलीसा मला.’ आई पुढं झाली तर वहिनीनं खांदा मागं घेतला. मला ते बरोबर वाटलं आणि अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणं विट्यावरून येणाऱ्या एसटीनं वहिनीचे वडील आले. बिचारे जावयाचं काही बरंवाईट ऐकायला लागतंय की काय अशा चेहऱ्यानं उंबऱ्यात उभे होते. अण्णांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि देव्हाऱ्यातून ताटली आणली. बेलाचं पान, भंडारा. आम्हाला वाटलं, आता आणखी कुणाची पाळी. अण्णांनी स्वतःच उचलला. ‘पान मी घालवलं. पोरीची काय चूक न्हाई. हितनं फुडं समजल्याबिगर कशाला व्हय म्हननार न्हाई, आन् इचारल्याबिगर कुनाला बोल लावनार न्हाई.’ व्याह्यांना त्यातलं अर्धंही कळलं नसावं. ते मुलीकडं बघत राहिले.

तरी वहिनी गेली. ‘तुमी पाठवलं म्हनून न्हाई. मला आईला भेटायचंय,’ म्हणाली आणि बॅग स्वतःच उचलली. ती परत येते की नाही याबद्दल घरात कुणालाच भरवसा नव्हता. आई म्हणायची, न्हाई येत आता. अण्णा संध्याकाळी वाडग्याचं दार लावायला जायचे ते सडकेपर्यंत जाऊन उभे राहायचे. पट्टी गेल्यामुळं त्यांना तिकडची थंडीही कळत नव्हती. ती परत आणायचा पत्ता त्यांना ठाऊक होता, पण त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही.

रविवारी सकाळी ती आली. बॅग ठेवली, पदर खोचला आणि काहीच झालं नाही अशी चुलीपाशी बसली. आईनं तिच्यापुढं माडग्याची वाटी सरकवली. दुपारी दादा पडद्यावर आला. अण्णा सवयीनं खुर्चीकडं गेले, पाठीवर हात ठेवला आणि तिथंच थांबले. मग चौकटीतल्या वहिनीला म्हणाले, ‘बस.’ ती बसेना. ‘बस म्हनलं न्हवं.’ ती बसल्यावर त्यांनी मला आणि आईला बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

आम्ही तिघं अंगणातल्या पायरीवर बसलो, अण्णांच्या मांडीवर त्या पहाटेसारखीच घडी केलेली शाल. आतून काही ऐकू येत नव्हतं. आईनं मान वाकडी करून दाराकडं कान दिला. ‘येवडा येळ काय बोलत्यात?’ ‘ते आपलं काम न्हाई,’ अण्णा म्हणाले, पण त्यांचाही पाय हलत होता. वाडग्यात कोकरं ओरडत होती. त्या दिवशी लाईट गेली नाही.

दार उघडलं तेव्हा वहिनीचे डोळे सुजलेले होते आणि ती हसत होती. आत काय बोलणं झालं ते मला आजतागायत माहीत नाही. माझ्यासारख्या बाईनं ते कधी विचारलं नाही, हेच नवल. वहिनी सरळ अण्णांपाशी आली.

‘मामा,’ म्हणाली, ‘तिकडं आज ऊन पडलंय म्हनं.’

अण्णांनी मान हलवली. त्यांनी मांडीवरची शाल उलगडली, अंगाभोवती घेतली आणि मेंढरांकडं निघून गेले.